खारं पाणी मागच्या दारानं: किनारपट्टीवरच्या एका गावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका गावाच्या नळाचं पाणी खारं झालं. ते कुठून खारं झालं हे शोधायला पंचायतीनं मला बोलावलं, आणि शोधताना माझं काय चुकलं त्याची ही नोंद. गाव दापोली आणि गुहागर यांच्या मधल्या किनाऱ्यावरचं. नाव लिहीत नाही, कारण या प्रकरणात एकमेकांवर आरोप केलेली माणसं आजही एकाच पाखाडीनं, म्हणजे दगडी पायवाटेनं, देवळात जातात. मोजमापं माझ्या वहीतली आहेत. जागा ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत.

अशा गावाची ठेवण कोकणात राहिलेल्याला सांगावी लागत नाही. पश्चिमेला पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, तिच्यामागे सुरूचं बन, मग वाळूचा लांबट उंचवटा आणि त्यावर वस्ती. पाखाडीच्या दोन्ही अंगांना घरं, घरांमागे नारळ-पोफळीच्या वाड्या. वाड्या संपल्या की बांध आणि बांधापलीकडे खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरू शकतं अशी सखल जमीन. खाडी उत्तरेकडून गावाला वळसा घालून या खाजणापर्यंत येते. खाजणाच्या पूर्वेला एकदम सड्याची, म्हणजे कातळाच्या पठाराची, चढण, वर जांभ्याचा कातळ. म्हणजे गावाच्या पुढेही खारं पाणी आणि मागेही. आज हे वाक्य सहज लिहून गेलो; पहिल्या वर्षी ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पुळणीपासून बांधापर्यंत अंतर जेमतेम चारशे मीटर. एवढ्याशा पट्टीत गोडं पाणी टिकतं ते पावसाच्या जोरावर. इथे वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, वाळू तो पिऊन घेते आणि हे गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहतं. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. त्यातून ढोबळ हिशोब निघतो: भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर जेवढी, त्याच्या चाळीसपट खोलीपर्यंत गोडं पाणी. घायबेन आणि हर्झबर्ग यांच्या नावानं हा नियम ओळखला जातो. हिशोबाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. पातळी एक वीत उतरली की खालचं खारं पाणी चाळीस विती वर यायला मोकळं होतं. लगेच येत नाही, पण वाट उघडते.

पूर्वी प्रत्येक वाडीत चिऱ्यानं बांधलेली चार-पाच मीटरची विहीर आणि तिच्यावर रहाट. रहाट विहिरीच्या वरचंच पाणी खरवडून काढतो. नंतर मोटारी आल्या, तरी घरच्या विहिरी उथळच होत्या. फरक पडला तो नळपाणी योजनेच्या बोअरनं. पंचायतीच्या मालकीची जागा वस्तीच्या मागच्या बाजूला, बांधापासून नव्वद मीटरवर होती म्हणून बोअर तिथे मारली. खोली ४५ मीटर, केसिंग (वरची माती ढासळू नये म्हणून घातलेला पाइप) १२ मीटर, खाली काळा कातळ. पंप ३६ मीटरवर सोडलेला. गावात त्या वेळी नळ आल्याचा आनंद होता, आणि त्यात गैर काही नव्हतं.

अडचण

योजना सुरू झाल्यानंतर पाचव्या वर्षी फेब्रुवारीत नळाचं पाणी मचूळ लागायला लागलं. आधी चहाच्या तक्रारी आल्या. मग डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. एप्रिलमध्ये मागच्या आळीतल्या पोफळींची पानं टोकाकडून करपू लागली, तेव्हा पंचायतीनं मला बोलावलं.

बोअरच्या पाण्याची वाहकता, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते त्याचं माप, मीटरवर ३,९०० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटर भरली; मीठ जितकं जास्त तितका हा आकडा मोठा. प्रयोगशाळेत क्लोराइड आलं लिटरला १,१०० मिलीग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा २५०, आणि दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घ्यायची मर्यादा १,०००. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड साधारण १९,००० असतं. म्हणजे सतरा-अठरा कळश्यांत एक कळशी समुद्राची मिसळल्यासारखं. सरपंचताईंना हाच हिशोब सांगितला. त्या म्हणाल्या, "एका कळशीनं सतरा नासल्या म्हणा की."

गावात निदान आधीच झालं होतं. समुद्राकडच्या आळीत गेल्या काही वर्षांत होमस्टे उभे राहिले होते. दिवाळीत आणि मे महिन्यात त्यांच्या मोटारी दिवसभर चालतात. त्यांनी पाणी ओढलं, समुद्र आत आला, असं मागच्या आळीचं म्हणणं. शिवाय किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत भरतीरेषेजवळच्या भूजल उपशावर निर्बंध आहेत, त्यामुळे तक्रार करायला कागदही हाताशी होता. समुद्राकडच्या आळीचं म्हणणं, आमच्या विहिरी तर अजून गोड आहेत. हे त्यांनी मला पहिल्याच सभेत सांगितलं होतं. मी वहीत टिपून घेतलं आणि तपासलं नाही.

समोर असलेले पर्याय

बोअरवाल्याचा सल्ला होता की नव्वद मीटर जा, खाली दुसरं पाणी लागेल. हा सल्ला किनाऱ्यावर सर्रास दिला जातो. क्वचित खरा ठरतोही, खाऱ्या थराच्या खाली बंदिस्त गोडा थर असेल तर. पण इथल्या बेसॉल्टमध्ये पाणी फटींतून फिरतं, आणि समुद्रापासून चारशे मीटरवरच्या फटी कुणाशी जोडलेल्या असतील याची खात्री कोण देणार? माझा याला विरोध होता आणि सुदैवानं पैसेही नव्हते.

आरओ यंत्राचा प्रस्ताव एका देणगीदारामार्फत आला होता. यंत्र फुकट, पण वीज, पडदे बदलण्याचा खर्च आणि चालवणारा माणूस गावाचा. मुख्य प्रश्न टाकाऊ पाण्याचा. आत घेतलेल्या पाण्यातलं बरंचसं आणखी खारट होऊन बाहेर पडतं. ते सोडणार कुठे? वाळूत सोडलं तर महिन्याभरात परत बोअरमध्ये.

टँकर होताच, आणि तो सोय म्हणून सगळ्यांनीच गृहीत धरलेला.

सड्याच्या पायथ्याला नवी विहीर काढावी, असं एक-दोन वयस्कर माणसं म्हणत होती. गावातल्या पाणाड्यानंही तिथेच नारळ फिरवून जागा दाखवली होती. बहुधा त्यामुळेच तरुण मंडळींना तो पर्याय अडाणी वाटला. मलाही थोडा वाटला असावा.

शेवटी ठरलं की आधी जमिनीखालचं पाहून घेऊ, मग खर्च करू. निर्णय योग्यच होता. चूक पुढे, काय पाहायचं हे ठरवताना झाली.

पहिली पाहणी आणि तिची चूक

विद्युत रोधकतेची पद्धत सोपी आहे. दोन सळ्यांतून जमिनीत वीज सोडायची, मधल्या दोन सळ्यांत किती विद्युत दाब पडतो ते मोजायचं. बाहेरच्या सळ्या जितक्या दूर नेऊ तितकी वीज खोल उतरते. खारं पाणी विजेला वाट देतं, गोडं पाणी अडवतं, कोरडा जांभा तर फारच अडवतो. समुद्राच्या पाण्याची रोधकता ०.२ ओहम-मीटर, चांगल्या विहिरीच्या पाण्याची २० किंवा जास्त. फरक शंभरपट. म्हणूनच खाऱ्या पाण्याच्या शोधात ही पद्धत पहिली आठवते.

एका जागी उभं राहून खोलीचा अंदाज घ्यायचा, याला आम्ही साउंडिंग म्हणतो. मध्यापासून दोन्हीकडे शंभर-शंभर मीटर तार सरळ पसरायची तर जागा लागते. गावात ती मिळाली पाखाडीवर आणि पुळणीच्या कडेला. मागच्या आळीत गडगे, तारेची कुंपणं आणि लोखंडी पाइपलाइन. कुंपणाची तार जमिनीला टेकलेली असली की वीज तिच्यातूनच पळते आणि आकडे बिघडतात. म्हणून पाच साउंडिंग पाखाडी-पुळण पट्ट्यात, दोन खाजणापलीकडे सड्याच्या पायथ्याला. बांधाजवळ एकही नाही.

वस्तीतल्या पाचही ठिकाणी साधारण ११ ते १४ मीटरच्या खाली २-३ ओहम-मीटरचा थर मिळाला. एवढी कमी रोधकता म्हणजे खारं पाणी, यात शंका नव्हती. मी अहवालात लिहिलं: समुद्राचं अतिक्रमण. पण वाळूच्या पट्टीवर कुठेही, कधीही तार पसरली तरी कुठल्या ना कुठल्या खोलीवर खारं पाणी मिळणारच. ते तिथे शेकडो वर्षं आहे. मी भिंगाचा तळ मोजला होता आणि त्यालाच आजार म्हटलं होतं. खारेपणा कुठून आला, याबद्दल त्या पाच आलेखांत एक अक्षर नव्हतं.

दुसरी चूक जास्त महाग पडली. पायथ्याच्या दोन्ही साउंडिंगमध्ये वर नऊशे ओहम-मीटरचा कोरडा थर होता. तिथे सळी ठोकायला आधी पहारीनं भोक पाडून मिठाचं पाणी ओतावं लागलं, तेव्हा कुठे वीज शिरली. त्याच्याखाली रोधकता एकदम ९ वर आली आणि मग पुन्हा चढली. खाजणाची कड शे-दीडशे मीटरवर. मी आलेखाशेजारी पेन्सिलीनं लिहिलं, "खाऱ्या पाण्याचा प्रभाव, जागा टाळावी." पायथ्याचा पर्याय त्या एका ओळीनं रद्द झाला.

त्याऐवजी वाळूच्या पट्टीच्या उत्तर टोकाला, जिथे आलेख त्यातल्या त्यात बरा होता, तिथे पंचायतीनं ३० मीटरची नवी बोअर मारली. तीन आठवडे पाणी गोड लागलं. पाणी लागलं त्या दिवशी नारळ फोडून पेढे वाटले होते. चौथ्या आठवड्यात मीटर पुन्हा दोन हजारांच्या वर. ग्रामसेवकांचा फोन आला तेव्हा ते रागावले नव्हते, हेच जास्त लागलं.

आजींची विहीर

डिसेंबरात मी पुन्हा गेलो, खरं तर तोंड दाखवायला. पायथ्याला एक एकटं घर आहे. आदल्या वर्षी साउंडिंगच्या वेळी तार त्यांच्या अंगणातून गेली होती. तिथे पाणी मागितलं. आजींनी विहिरीतून ताजी कळशी ओढली आणि तांब्या भरून दिला. पिता पिता सवयीनं खिशातला मीटर काढून उरलेल्या पाण्यात बुडवला. २१०.

पुन्हा धुऊन बुडवला. २१०.

"एप्रिलातही असंच असतं?" मी विचारलं.

"माझ्या सासूच्या वेळेपासून हिला कधी खारं लागलेलं नाही. मे अखेर कमी होतं, तळाची शेडी दिसायला लागते. पण खारं? नाही बाबा."

शेडी. जांभ्याच्या खाली असते ती मऊ, पांढरट-जांभळट, साबणासारखी हाताला लागणारी चिकण माती. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून झिरपत शेडीवर येतं, खाली जाऊ शकत नाही, म्हणून आडवं सरकतं आणि पायथ्याला झरा होऊन बाहेर पडतं. कोकणातले कितीतरी झरे याच सांध्यावर आहेत. हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवत आलो आहे.

आणि चिकण मातीही विजेला वाट देते. तिच्या कणांच्या पृष्ठभागावरून वीज जाते, पाणी गोड असलं तरी. ९ ओहम-मीटरचा अर्थ खारं पाणी असाही होतो आणि शेडी असाही. साउंडिंगचा आलेख दोघांत भेद करत नाही. हिशोब केला असता तर मात्र कळलं असतं. ९ ओहम-मीटर खाऱ्या पाण्यामुळे असेल तर, वाळूसारख्या थरासाठी लावतो तो चारचा गुणक धरून (थराची रोधकता त्यातल्या पाण्याच्या चारपट), पाण्याची वाहकता साडेचार हजारांच्या आसपास हवी. पाच पावलांवरच्या विहिरीत होती २१०. म्हणजे त्या पाण्याची स्वतःची रोधकता जवळजवळ ४८; जमीन त्याहून पाचपट वाहक. पाण्यानं हे होणं शक्य नाही, मातीच हवी. दोन ओळींचं गणित होतं. ते करायला विहिरीत मीटर बुडवायला हवा होता, आणि मी पहिल्या वर्षी त्या विहिरीच्या काठावर बसून डबा खाल्ला होता.

दुसरी पाहणी

या वेळी आधी मीटर घेऊन एका सकाळी चौदा विहिरी फिरलो, पुळणीकडून बांधाकडे. भरती-ओहोटीचा फरक कमी राहावा म्हणून भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस निवडले. समुद्राकडच्या विहिरी ५५०-६५०. पाखाडीवरच्या, मधल्या, ४८० पर्यंत उतरलेल्या. मागच्या आळीतल्या चढत गेल्या, आणि बांधाला लागून असलेल्या शेवटच्या विहिरीत २,१००. समुद्राकडची आळी पहिल्या सभेत खरं बोलत होती.

मग एका महाविद्यालयाकडून अठ्ठेचाळीस सळ्यांचं यंत्र आणलं. सळ्या पाच मीटर अंतरानं एका रेषेत, यंत्र स्वतःच जोड्या बदलत शेकडो मापं घेतं आणि जमिनीचा उभा छेद मिळतो. एका पसाऱ्यात २३५ मीटर लांबी आणि साधारण ४०-४५ मीटर खोली. अर्ध्या सळ्या उचलून पुढे लावत ३५५ मीटरची रेघ केली, सुरूच्या बनापासून बांधापर्यंत, वाड्यांमधून. या वेळी कुंपणांची सबब सांगितली नाही. प्रत्येक घरी आदल्या दिवशी गेलो, आणि जिथे तारेची कुंपणं आडवी येत होती तिथे रेघ थोडी सरकवली. एका वाडीत शेळीनं केबल चावली, अर्धा दिवस गेला. दुसरी रेघ खाजणाच्या पूर्व कडेपासून पायथ्यावर.

छेद पाहायला संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात माणसं जमली. मधोमध गोड्या पाण्याचं भिंग दिसत होतं, ६० ते १२० ओहम-मीटर, पाखाडीखाली सगळ्यात जाड. समुद्राच्या बाजूनं खाऱ्या पाण्याची पाचर होती, पण किनाऱ्यावर असावी तेवढीच, पन्नास-साठ मीटर आत आणि खोल. मागच्या बाजूला मात्र बांधापाशी रोधकता जमिनीच्या पृष्ठभागापासूनच ३ च्या खाली होती, आणि तो पट्टा तिरका उतरत थेट बोअरच्या खाली जात होता. बोअरखाली खारं पाणी वारुळासारखं वर उठलेलं. सभामंडपात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, "म्हणजे उघाडी."

खाजणाच्या बांधात उघाडी असते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला झडप आपोआप मिटून खाडीचं पाणी अडवायचं. पूर्वी खाजणात राता भात व्हायचं. भाताचा मालक स्वतः झडप बघायचा. घरं मुंबईला गेली, भात थांबलं, झडप गंजून अर्धी उघडी अडकली. तिच्यात धोंडा घालून ती उघडीच राहील अशी सोय कुणीतरी केलेली होती, कारण उधाणाला आत शिरलेली कोळंबी ओहोटीला जाळ्यात येते. दर अमावास्या-पौर्णिमेला खाजण भरत होतं. जुन्या भाताच्या चोंढ्यांत तिवरांची, म्हणजे कांदळवनातल्या झाडांची, रोपं छातीएवढी झाली होती. तिवर गोड्या पावसाच्या डबक्यात असा माजत नाही. पहिल्या वर्षी पायथ्याकडे जाताना मी ती रोपं हातानं बाजूला सारून गेलो होतो.

एक शंका उरत होती. खाजणाच्या गाळात पूर्वीचंच समुद्री पाणी अडकलेलं असू शकतं. मग उघाडी दुरुस्त करून काय उपयोग? छेद याचं उत्तर देत नाही, तो फक्त आजचा फोटो आहे. म्हणून पावसाळ्यानंतर त्याच रेघेचा शेवटचा भाग पुन्हा मोजला. बांधाजवळचा वरचा थर ३ वरून ८-१० पर्यंत आला होता. जे पाणी एका पावसात पातळ होतं ते ताजं असतं. खोलचा भाग मात्र जागेवरून हलला नव्हता. तिथलं मीठ कदाचित खरंच जुनं असेल.

काय केलं

सर्वात वादाचा निर्णय बोअरचा होता. माझं मत पूर्ण बंद करण्याचं. सरपंचताईंनी ते मानलं नाही, आणि आता वाटतं त्यांचंच बरोबर होतं: बोअर बंद झाली असती तर मागच्या आळीनं त्याच आठवड्यात स्वतःच्या चार बोअर मारल्या असत्या. मधला मार्ग निघाला. बोअरचा खालचा भाग सिमेंट आणि चिकण मातीनं १८ मीटरपर्यंत बुजवला. लहान पंप वर घेतला. सात तासांऐवजी दोन तास, सकाळी एक आणि संध्याकाळी एक.

पायथ्याला, आजींच्या घरापासून चाळीस मीटरवर, चार मीटर व्यासाची विहीर काढली. साडेसात मीटरवर शेडी लागली, तिथेच थांबलो. खोदणाऱ्या माणसाला आणखी एक मीटर जायचं होतं, त्याची मजुरी मीटरवर होती. शेडी फोडली असती तर विहिरीचा तळच गेला असता. त्या दिवशी मी काठावर उभा होतो म्हणून ते टळलं.

उघाडीच्या परवानग्यांना अकरा महिने लागले. खाजणाची मालकी अनेकांची, त्यातले बरेच मुंबईत. शिवाय तिवरं उगवलेली. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, हात लावता येत नाही. एकाही तिवराला धक्का न लावता फक्त जुनी झडप बदलायची, एवढ्यावर काम मंजूर झालं. कोळंबी धरणाऱ्यांशी बोलणी कुणीच नीट केली नाहीत. मीही नाही.

निष्पत्ती

कामं झाल्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात बोअरची वाहकता १,४५० होती. पिण्याला फार चांगली नाही, पण डाळ शिजते. दुसऱ्या मे महिन्यात ती १,९०० वर गेली. जाऊन पाहिलं तर नव्या झडपेत पुन्हा धोंडा. काढला. बांधाजवळची शेवटची विहीर २,१०० वरून ९०० वर आली आणि करपलेल्या पोफळींपैकी निम्म्यांनी नवी पानं धरली; उरलेल्या तोडाव्या लागल्या.

पायथ्याच्या विहिरीचं पाणी २३० वर स्थिर आहे. मध्य एप्रिलपर्यंत ती दिवसाला अठरा-वीस हजार लिटर देते, मे महिन्यात सात-आठ हजार. गावची वस्ती नऊशे. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापानं पन्नास हजार लिटर हवेत. बोअर आणि घरच्या विहिरी मिळून बाकीचं भागतं, पण मे महिन्याचे शेवटचे तीन आठवडे टँकर अजून येतो. पूर्वी तो फेब्रुवारीपासून यायचा.

वेगळं काय करता आलं असतं

यंत्र जमिनीला लावण्याआधी मीटर विहिरींत बुडवायचा. चौदा विहिरी, एक सकाळ, खिशात मावेल असं उपकरण. पहिल्या वर्षी ही फेरी केली असती तर खारं पाणी मागून येतंय हे दुपारच्या जेवणाआधी कळलं असतं आणि उत्तर टोकाची बोअर वाचली असती. रोधकतेचा आलेख विहिरींच्या आकड्यांशेजारी ठेवूनच वाचावा लागतो. कमी रोधकतेचा थर पातळ आणि फार वाहक आहे की जाड आणि थोडा कमी वाहक, हेही आलेखावरून नक्की करता येत नाही. दोन्हींची वक्ररेषा जवळजवळ एकच. मग तिथे एक भोक पाडून माती हातात घेणं एवढाच उपाय. पायथ्याला हातानं चालणाऱ्या गिरमिटानं भोक पाडलं असतं तर अर्ध्या दिवसात पांढरट शेडी वर आली असती.

तार जिथे पसरता येते तिथेच मोजायचं, ही सवय घातक. मागची आळी अडचणीची होती म्हणून मी ती सोडली, आणि दुखणं तिथेच होतं. जागा नव्हती तर तार लहान करून, दहा-पंधरा मीटरच खोल का होईना, तिथे मोजायला हवं होतं.

उघाडीवर कोळंबी धरणारी चार घरं आहेत. त्यांना बैठकीला बोलावून भरतीच्या मोजक्या रात्री ठरवून देता आल्या असत्या. भांगाला झडप थोडी उघडी राहिली तर फारसं बिघडत नाही, उधाणाला बिघडतं. आता ही बोलणी सुरू आहेत, उशिरा.

आणखी एक गोष्ट छेदात दिसली नव्हती, पण विचारली असती तर कळली असती. नवी विहीर ज्या झऱ्याचं पाणी घेते त्याच झऱ्यावर आजींची विहीर आहे. पहिल्याच मे महिन्यात तिची पातळी नेहमीपेक्षा आधी उतरली. त्यांनी तक्रार केली नाही. ग्रामसेवक पाणी प्यायला गेले तेव्हा कळशी रिकामी वर आली. आता असं ठरलं आहे की त्यांच्या विहिरीतला खालून तिसरा चिरा उघडा पडला की पंचायतीचा पंप बंद. तो कधी उघडा पडतो हे आजी स्वतः बघतात आणि नातवाकरवी निरोप धाडतात. गेल्या मे महिन्यात निरोप सोळा तारखेला आला.